आईला सांगायचा भाव

किमतीबद्दल मी आईशी पहिल्यांदा खोटं बोलले ते एका साडीवरून. मला नुकतीच नोकरी लागली होती, टिळक रस्त्यावरच्या एका लहानशा कार्यालयात टायपिस्ट म्हणून. दुसरा पगार हातात आला त्या संध्याकाळी मी लक्ष्मी रस्त्यावर गेले आणि आईसाठी मोरपंखी रंगाची, बारीक काठाची साडी घेतली. नऊशे रुपयांची. माझा जवळजवळ अर्धा पगार त्यात गेला. हडपसरच्या आमच्या दोन खोल्यांत आईनं ती उलगडली, पदर मुठीत चुरगाळून सोडला, उजेडाकडे धरून पाहिला आणि विचारलं, "केवढ्याला?"

नऊशे म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी घडी न मोडता ती दुकानात परत करून आली असती. मी म्हटलं, "साडेतीनशे. सेल लागला होता."

"साडेतीनशेला असं सूत?" तिनं पुन्हा एकदा पदराला हात लावला. मग म्हणाली, "चांगली पारख आहे हो तुला." आणि साडी हातात घेऊन ती शेजारच्या मावशींना दाखवायला गेली. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. आपण फार शहाणपणानं वागलो असंच वाटलं.

आईला भाव विचारायची नुसती सवय होती असं नाही, तो तिचा धंदा होता म्हणा ना. वडील सोलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात होते. त्यांचा पगार आला की आधी वाणसामान, मग रॉकेल, दूध, आमच्या फिया, आणि उरलंच तर बाकीचं. बाकीचं म्हणजे काय, हे ठरवायला आई कधी फार वेळ घेत नसे, कारण उरायचंच थोडं. निम्म्याहून जास्त पैसा पोटात जायचा. उन्हाळ्यात वर्षाचा गहू घ्यायला ती मावशींना बरोबर घेऊन मार्केट यार्डात जायची. चार दाणे दाताखाली धरायची आणि भाव व्यापाऱ्याच्या आधी तीच बोलायची. दिवाळीला एकाच ठाणाचं कापड आणून माझा फ्रॉक, दोन्ही भावांचे शर्ट आणि उशांचे अभ्रे शिवायची. फोटोत आम्ही तिघं त्या उशांसारखेच दिसतो. तेव्हा फार लाज वाटायची.

शेजारच्या मावशी म्हणजे भिंतीपलीकडच्या. त्या मूळच्या हडपसर गावातल्या, आम्ही बाहेरून आलेले. त्यांचे यजमान वडिलांच्याच कारखान्यात माल चढवायच्या कामावर होते. मी सातवीत असताना कारखान्यात टाळेबंदी झाली. चार महिने दोन्ही घरांत पगार आला नाही. तेव्हा आईनं आणि मावशींनी मिळून एकच स्टोव्ह पेटवायचा असं ठरवलं. एक दिवस आमच्याकडे, एक दिवस त्यांच्याकडे. दोन्ही घरचा शिधा एकत्र, दोन्ही घरची माणसं एकाच पंगतीला. मावशींच्या हातचं झणझणीत कालवण आणि बाजरीची भाकरी मी त्या चार महिन्यांत इतकी खाल्ली की पुढे लग्न होऊन सासरी आल्यावर मला आईच्या नाही, मावशींच्या जेवणाची आठवण यायची. हे मी आईला कधी सांगितलं नाही.

लग्नानंतर आम्ही धायरीत फ्लॅट घेतला. तेव्हा बाल्कनीतून ज्वारीची शेतं दिसायची आणि लोक विचारायचे, एवढ्या लांब कशाला गेलात? मी नोकऱ्या बदलत बदलत हिंजवडीतल्या एका कंपनीच्या खरेदी विभागात पोचले. अजून तिथेच आहे. खुर्च्या, संगणक, कॅन्टीनची कंत्राटं. तीन ठिकाणांहून भाव आल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही, आणि पुरवठादारानं एक आकडा लपवला तर त्याला पुन्हा दारात उभं करत नाही. ऑफिसात माझा तसा दरारा आहे.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. आई महिन्यातून एकदा राहायला यायची, आणि नवीन काही दिसलं की तिचा प्रश्न ठरलेला. मिक्सर केवढ्याला, पडदे केवढ्याला, नातीचे बूट केवढ्याला. मी प्रत्येक वेळी किंमत खाली आणायची. सुरुवातीला थोडी, मग निम्मी, मग तिसरा हिस्सा. नवऱ्यालाही सवय लागली. मुलगी बोलायला शिकली तशी तीही शिकली. आमच्या घरात त्याला नावच पडलं, "आईचा भाव". नवरा दुकानातून फोन करायचा, "सोफा बघितलाय, चाळीस. आईचा भाव किती सांगायचा?" आम्ही हसायचो. मुलीच्या मैत्रिणींनासुद्धा हा विनोद माहीत होता.

तिला त्रास होऊ नये म्हणून आपण असं करतो, असं मी स्वतःला सांगत असे. खरं तर त्रास मला नको होता. खरी किंमत ऐकल्यावर ती भांडली नसती. नुसतं "बरं" म्हणाली असती आणि वस्तूकडे एकदा बघितलं असतं. ते बघणं मला नको होतं.

सहा वर्षांपूर्वी वडील गेले. हडपसरच्या खोल्या भाड्याच्या होत्या, त्या सोडल्या, आणि दोघे भाऊ परगावी असल्यानं आई आमच्याकडे कायमची आली. पहिल्याच महिन्यात तिनं माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. त्यात तीन हजार रुपये. वडिलांच्या फंडाच्या ठेवीचं व्याज आणि थोडंसं पेन्शन, यातून काढलेले.

"हे कशाला?" मी म्हटलं.

"माझ्या खाण्यापिण्याचे. मी हिशोब केलाय. तुझ्याकडे तांदूळ, डाळ, तेल या भावानं येतं, दूध या भावानं. माझं एकटीचं अडीच हजारांच्या आत भागतं. वर पाचशे औषधांचे."

तो हिशोब तिनं माझ्याच भावांवर केला होता. त्या क्षणी तिला खरं सांगता आलं असतं. मी पाकीट घेतलं. दर महिन्याच्या पाच तारखेला ती ते द्यायची आणि त्या दिवशी जरा ताठ बसून जेवायची. ते पैसे मी वेगळे साठवून ठेवले असते तर आज सांगायला बरं वाटलं असतं. तसं काही केलं नाही. ते पाकीट माझ्या पर्समध्ये जायचं आणि कुठेतरी खर्च होऊन जायचं. एकदा त्यातूनच मी केस रंगवून घेतल्याचं मला आठवतं.

मग आईचे कान गेले. टीव्हीचा आवाज वाढत गेला, कुकरच्या शिट्ट्या चुकायला लागल्या. मी तिला टिळक रस्त्यावरच्या एका श्रवणयंत्रांच्या दुकानात नेलं. तिथल्या बाईंनी तपासणी केली आणि एका कानासाठी यंत्र सुचवलं. अगदी लहान, कानात दिसतसुद्धा नाही असं. अडतीस हजार. मी आईला बाहेरच्या खुर्चीवर बसवून कार्डानं पैसे दिले. रिक्षात बसल्यावर तिनं विचारलं आणि मी सांगितलं, "साडेतीन हजार."

"मग आधीच घ्यायला हवं होतं," ती म्हणाली. सिंहगड रस्त्याच्या त्या सगळ्या गोंगाटात तिला रिक्षाच्या इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली म्हणून ती लहान मुलीसारखी खूश झाली होती.

हे सगळं गेल्या वर्षीचं. पुढचं मी आईकडून आणि त्या दुकानातल्या बाईंकडून तुकड्या-तुकड्यानं ऐकलं, तरी माझ्या डोळ्यांसमोर ते सलग घडतं.

मावशी अजून हडपसरलाच आहेत, त्याच ओळीत. यजमान गेले, मुलगा कंपनीची गाडी चालवतो. त्यांचेही कान गेले होते, आईपेक्षा जास्त. सून बोलायची ते कळेना म्हणून दोघींचं बोलणंच थांबलं होतं. भजनी मंडळात त्या वर्षानुवर्षं टाळ धरायच्या. ठेका चुकायला लागला तेव्हा बायकांनी काही म्हटलं नाही, पण मावशींनी आपण होऊन जाणं बंद केलं. आई त्यांना भेटायला गेली, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सगळं बोलली आणि कानातलं यंत्र काढून दाखवलं. साडेतीन हजार फक्त, म्हणाली. अर्धे मी घालते.

"कशापायी?" मावशी म्हणाल्या. "माझी भिशी लागलीया ह्या महिन्यात."

एका बुधवारी दोघी बसनं स्वारगेटला उतरल्या आणि चालत त्या दुकानात गेल्या. मावशींनी नवी नऊवारी नेसली होती, आणि रुमालात साडेतीन हजार बांधून आणले होते. आईनं काउंटरवर सांगितलं, "मला दिलंत तसंच हिला द्या." तपासणी झाली. बाईंनी किंमत सांगितली. आई हसली आणि म्हणाली, "अहो, मी इथलीच गिऱ्हाईक आहे. मला चुकीचा भाव सांगू नका." बाईंनी पुन्हा तोच आकडा सांगितला. आईचा आवाज चढला. दुकानात इतर लोक होते. शेवटी बाईंनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला आणि माझ्या नावावरचं बिल दाखवलं.

तेव्हा मी हिंजवडीत एका पुरवठादारासमोर बसले होते. फोन वाजला. "मॅडम, तुमच्या आई इथे आल्यात. जरा गैरसमज झालाय, त्यांच्याशी बोलता का?"

मी खोलीबाहेर आले. आईचा आवाज आला. "ही बाई अडतीस हजार म्हणते. तू हिला सांग."

इतक्या वर्षांनी, सगळं पडद्यावर लिहिलेलं असताना, मला खरं बोलायची संधी आपसूक मिळाली होती. मी म्हटलं, "आई, अगं तेव्हा ऑफर चालू होती."

आई म्हणाली, "ऑफरमध्ये साडेचौतीस हजार कमी करतात?" आणि फोन बाईंच्या हातात दिला.

मावशींना बोलणं ऐकू आलं नव्हतं, पण पडदा दिसत होता, बाईंचा चेहरा दिसत होता आणि आईचा उतरलेला चेहराही. त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा घट्ट बांधली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात, भर दुकानात म्हणाल्या, "माझी गरिबी दावायला आणलंस व्हय मला?" आणि पायऱ्या उतरून गेल्या. आई मागे धावली. पण तिचे गुडघे दुखतात, आणि मावशी तिच्याहून चपळ. स्वारगेटला आई पोचली तेव्हा हडपसर गाडीतळाची बस सुटली होती.

मला घरी यायला त्या दिवशी दोन तासांच्या वर लागले. वाटेत मी बरीच वाक्यं तयार केली. आई जेवणाच्या टेबलापाशी बसून मेथी निवडत होती. कानातलं यंत्र समोर त्याच्या डबीत ठेवलेलं होतं. मी बोलायला लागले. माफी मागितली, कारणं दिली, रडलेसुद्धा. ती मेथी निवडत राहिली. तिला ऐकू आलं की नाही, ते तिनं मला कळू दिलं नाही.

तीन दिवस यंत्र डबीतच होतं. या तीन दिवसांत घरातल्या कुणालाही तिच्याशी नीट बोलता आलं नाही आणि तिनंही कुणाशी बोलायचा प्रयत्न केला नाही. मुलगी मला म्हणाली, "तू सॉरी म्हण ना." मी म्हटलं, म्हणून झालं.

रविवारी सकाळी आईनं चहा घेतला, यंत्र कानात घातलं, आणि उठून उभी राहिली. "चल," म्हणाली. "आता खरं सांग."

ती स्वयंपाकघरापासून सुरू झाली. फ्रीजवर हात ठेवला. मी किंमत सांगितली. मिक्सर. गॅसची शेगडी. पाण्याचं यंत्र. ती नुसती मान हलवायची आणि पुढे जायची. बाहेरच्या खोलीत सोफा, टीव्ही, पडदे. मुलीच्या खोलीत तिचे कानाला लावायचे हेडफोन, बूट. मग स्वतःच्या खोलीत आली आणि आपल्याच गादीवर तळहात टेकला. ती गादी मी तिला दोन हजारांची म्हणून सांगितली होती.

"अठरा," मी म्हटलं.

ती तिच्यावर बसली नाही. भिंतीशी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. "आणि दर महिन्याला? दर महिन्याला कशाकशाला जातात?"

मी फोन उघडला. घराचा हप्ता, सोसायटीची देखभाल, विमा, गाडी, पेट्रोल, मुलीच्या कॉलेजची फी, तीन मोबाइल, इंटरनेट. बाहेरून मागवलेलं जेवण, त्याचा आकडा मी स्वतःही कधी एकत्र पाहिला नव्हता. किराण्याच्या तिप्पट. एका व्यायामशाळेचे पैसे कापले जात होते, तिथे आमच्यातलं कुणी वर्षभर गेलेलं नव्हतं. दोन असे हप्ते निघाले की ते कशाचे आहेत तेच मला सांगता येईना. ऑफिसात तीन भाव मागणारी मी, माझ्याच घरातून पैसा कुठे जातो हे आईला वाचून दाखवताना मध्ये मध्ये अडखळत होते.

"डोळ्यांना दिसत नाहीत अशाच गोष्टींना जातात की गं सगळे," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच नवल वाटलं होतं. मग तिनं विचारलं, "माझ्या तीन हजारांत माझं काय भागतं?"

मी फोन खाली ठेवला.

"सांग."

"औषधंसुद्धा पूर्ण नाहीत, आई."

ती खिडकीकडे वळली. मग जे बोलली ते मी इथे जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते. "मला शाळा चौथीपर्यंत. बँकेत गेले की कुठे सही करायची ते विचारावं लागतं. पण बाजारात मला कुणी फसवलं नाही कधी. टाळेबंदीत फसवलं नाही, तुझ्या लग्नात फसवलं नाही. तेवढं एक मला येत होतं. तू माझ्यापुढे सगळा खोटा बाजार मांडलास, आणि मी त्यात मान वर करून फिरत होते. काल त्या बाईनं पडदा वळवला तेव्हा मला वाटलं, आपल्याला वेड लागलं असेल."

बुधवारचं होतं ते, काल नव्हतं. पण मी तिला दुरुस्त केलं नाही.

"मला तुला वाईट वाटू द्यायचं नव्हतं," मी म्हटलं.

"वाईट वाटलं असतं तर वाटलं असतं. मी काय काचेची होते?" ती म्हणाली. आणि मग, "हडपसरला जाऊन तिला सांग. मी नाही जाणार. माझं ती आता ऐकणार नाही."

मी हो म्हटलं. पण त्या रविवारी गेले नाही. पुढच्या रविवारी सोसायटीची सभा होती. त्याच्या पुढच्या रविवारी डोकं दुखत होतं. आईनं एकदाही आठवण केली नाही. ती फक्त रविवारी सकाळी माझ्याकडे बघायची, आणि अकरा वाजून गेले की बघणं थांबवायची. चौथ्या रविवारी मी निघाले.

हडपसरची ती ओळ तशीच आहे, पत्र्यांऐवजी स्लॅब आलेत एवढंच. मागे मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्यात. मावशी दारातच शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, पण बस म्हणाल्या नाहीत. मी त्यांच्याजवळ उकिडवी बसले आणि हळू आवाजात सुरुवात केली.

"काय?"

मी जरा मोठ्यानं म्हटलं, "आईची चूक नाही, मावशी."

"काय म्हंतीस?"

मला कळलं की हे हळू आवाजात सांगता येणार नाही. मी ओरडून म्हटलं, "आई खोटं बोलली नाही! मी तिला खोटी किंमत सांगितली होती! तिला माहीत नव्हतं!"

शेजारच्या दारात एक बाई आली. समोरच्या ओट्यावर केस पुसत असलेली एक मुलगी थांबली. मावशींची सून पदराला हात पुसत बाहेर आली. मावशींनी कानामागे हात धरला. "कुणी खोटं सांगितलं?"

"मी!"

"कुणाला?"

"आईला! माझ्या आईला!"

"कशापायी?"

याचं उत्तर ओरडून द्यायचं मला फार अवघड गेलं. हळू आवाजात त्याची दहा कारणं देता येतात. ओरडायचं म्हटलं की एकच उरतं. "मला लाज वाटायची!" मी म्हटलं. "इतके पैसे खर्च करते याची!"

मावशींनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "चार महिनं एका स्टव्हवर जेवलो आमी," त्या म्हणाल्या. "तुज्या आईनं मुठीनं तांदूळ मोजला, पर माज्याशी खोटं कदी बोलली न्हाई. म्हनून तर लागलं मला. दुसरं कोन असतं तर लागलंबी नसतं."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. त्यांना ते ऐकू आलं नाही.

मग मी एक चूक केली. पर्समधून दुकानाचं कार्ड काढलं आणि ओरडून सांगितलं की तुमच्यासाठी यंत्र मी घेते, तसंच, आईसारखंच. मावशींनी कार्ड हातात घेतलं नाही. सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आन लोकांना कितीला सांगू?" त्यांनी विचारलं. समोरच्या ओट्यावरची मुलगी हसली. मावशी हसल्या नाहीत. पण थोड्या वेळानं त्यांनी सुनेला हातानं खूण केली आणि तिनं आतून माझ्यासाठी चहा आणला. मी तो तिथेच जमिनीवर बसून प्यायले.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस." आणि तिनं दुसऱ्याच दिवशीपासून आपली चौकशी सुरू केली. सोसायटीतल्या वॉचमनच्या सासऱ्याला एका सरकारी दवाखान्यातून कानाचं यंत्र मिळालं होतं, ते तिनं शोधून काढलं. कोणत्या वारी जायचं, कोणते कागद लागतात, रांगेत किती वाजता उभं राहायचं. मी म्हटलं, रजा काढते, गाडीनं नेते.

"तू नको येऊस," ती म्हणाली. "आम्ही दोघी जाऊ."

चार खेपा झाल्या. एकदा शिधापत्रिकेची प्रत राहिली, एकदा डॉक्टर नव्हते. चौथ्या खेपेला मावशींना यंत्र मिळालं. कानामागे अडकवायचं, जाडसर, मध्येच शिट्टी मारणारं. फार काही खर्च आला नाही. जो आला तो भिशीतून गेला. मावशी आता पुन्हा टाळ घेऊन बसतात, असं आई सांगते. शिट्टी वाजली की बायका थांबतात आणि मग पुन्हा सुरू करतात.

दोघी गुरुवारी भेटतात, नेहमी हडपसरलाच. मी दोन-तीनदा मावशींना आमच्याकडे बोलावलं, मुलीच्या वाढदिवसालाही. त्या येत नाहीत. आई काहीतरी कारण सांगते आणि मी ते कारण म्हणून ऐकून घेते.

पाकीट बंद झालं. त्याऐवजी भाजी आईनं आपल्याकडे घेतली. रोज सकाळी ती कापडी पिशवी घेऊन धायरी फाट्याकडे जाते, आजूबाजूच्या गावांतले शेतकरी तिथे टेम्पो लावतात. स्वतःच्या पैशांनी घेते, स्वतः निवडून. आमच्या जेवणात त्यामुळे हंगामाला जे स्वस्त तेच येतं. आठवडाभर दुधी असेल तर आठवडाभर दुधी. बाहेरून जेवण मागवणं कमी झालं, बंद झालेलं नाही. मुलगी कुरकुरते. एकदा मला म्हणाली, "आजीला सगळं खरं सांगून काय मिळवलंस? ती आता माझ्या प्रत्येक गोष्टीकडे बघते." तिचं म्हणणं खोटं नाही. आई बघते. मीच तिला इतकी वर्षं बघू दिलं नव्हतं.

मी आता खऱ्या किमती सांगते. सोपं वाटतं तितकं ते नाही. जीभ आधी खालच्या आकड्याकडे वळते आणि मग मी तिला परत आणते. कधी कधी आकडा ऐकून आई म्हणते, "नको मग," आणि ती वस्तू राहून जाते. कधी म्हणते, "घे, लागणारी आहे." कशाला नको म्हणेल आणि कशाला घे, याचा मला अजून अंदाज येत नाही. पन्नाशी उलटल्यावर मी माझ्या आईची निवड शिकते आहे.

गेल्या महिन्यात तिच्या मोतीबिंदूचं ठरलं. आम्ही दवाखान्यात गेलो, डॉक्टरांनी तपासलं, आणि मला खर्चाचा कागद दिला. मी तो तिला वाचून दाखवला. भिंगाचे इतके, शस्त्रक्रियेचे इतके, एकूण इतके. एकही आकडा मी बदलला नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं, माझ्या हातातून कागद घेतला, आणि एका डोळ्यानं नीट दिसत नसतानाही तो घेऊन काउंटरपाशी गेली.

"बाई," तिनं तिथल्या मुलीला विचारलं, "एकूण किती होतात हो? जरा वाचून सांगता?"

मी तिच्या मागे दोन पावलांवर उभी होते. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि कागद वाचला. आकडा तोच होता. आईनं मान हलवली, तिचे आभार मानले आणि पर्स उघडून त्या कागदावर सही करायला पेन शोधायला लागली.